पंचशीला बसली की कॉम्प्युटर हँग

१

धुरपताबाई विहिरीत पडून मेली तेव्हा तिच्या गावाचा टँकर तहसीलच्या आवारात भरलेला उभा होता. दोन दिवस उभा होता. ड्रायव्हर सीटवर पाय पसरून झोपा काढत होता, कारण त्याच्या हातात पास नव्हता. आणि पास नव्हता, कारण पास काढणारा कॉम्प्युटर हँग होत होता. तिकडे तिच्या गावच्या, काळदऱ्याच्या, बाया विहिरीत उतरून वाटीवाटीने गढूळ पाणी खरवडत होत्या. त्यात ही म्हातारी घसरली.

त्यानंतर मला बोलावलं. माणूस मेल्याशिवाय कचेरीला रिपेअरवाला आठवत नाही.

माझं नाव रामकिशन. नांदेडला वजिराबादेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तोंडाने मी वाईट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, तरी मशीन बंद पडलं की माझ्याकडेच येतात. दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. हा तालुका जिल्ह्याच्या पार टोकाला, तिथे रेल्वेही नाही आणि टीव्हीवालेही नाहीत. आपला तालुका नव्या जिल्ह्यात जाणार अशी आवई मात्र तिथे दर वर्षी उठते. त्या आवईपायीच मार्चमध्ये सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम टाकून घेतली होती. नव्या जिल्ह्यात जुनं काही नको म्हणे. नळाला पाणी नाही, पण सिस्टीम नवी.

नायब तहसीलदार साहेब चाळिशीचे, शिकलेले, त्या धुळीतही बूट चकचकीत ठेवणारे गृहस्थ होते. त्यांनी मला चहा दिला आणि काम सांगितलं.

"रिपोर्ट आज संध्याकाळपर्यंत पाहिजे. दोष मशीनचा आहे की माणसाचा, एवढंच लिहा. माणसाचा असेल तर मला त्याला पोलिसात द्यावं लागेल. एक बाई मेली आहे."

"कोणत्या माणसाचा?"

त्यांनी काचेतून पलीकडच्या खोलीकडे बोट केलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पोरगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला कशालाही हात लावायची मनाई होती.

"पंचशीला. कंत्राटी ऑपरेटर आहे. ती बसली की मशीन हँग होतं. दुसरं कुणी बसलं की होत नाही. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?"

२

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग होती. आत धूळ जाऊ नये म्हणून 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावलेली. मी बुटाची लेस सोडायला वाकलो तर अण्णाराव नावाच्या अव्वल कारकुनाने मला धरून उभं केलं.

"ऱ्हाऊ द्या हो. तुम्ही नांदेडाहून आलेली मानसं. साहेबबी बुटावरच येतेत."

अण्णाराव स्वतः पायात जाड सुती मोजे घालून फिरत होता. टाचांना भेगा पडल्यात म्हणाला. त्या उकाड्यात त्याचे मोजे बघूनच मला घाम आला. मी सवयीने पहिला प्रश्न विचारला, अर्थिंग कसं आहे? तर त्याने छाती फुगवून सांगितलं की मागच्याच साली नवीन केलंय, तांब्याची पट्टी घालून. मी मान डोलावली आणि पुढे गेलो.

खोलीत दोन मशीनं होती. एकावर पंचशीला बसायची, दुसऱ्यावर ईश्वरप्पा. हा ईश्वरप्पा खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसला होता, पंगतीला बसावा तसा. कामाची पद्धत सोपी होती. गावाचं नाव टाकायचं, खेपा टाकायच्या, मग शेजारच्या छोट्या यंत्रावर ऑपरेटरने अंगठा ठेवायचा. अंगठा लागला की पास छापून येतो आणि टँकर सुटतो. अंगठा ठेवल्याबरोबरच पंचशीलाचं मशीन थिजायचं. बाण हलायचा नाही, कळ दाबावी तरी काही होत नाही, भरलेलं सगळं जातं. पुन्हा चालू करा, पुन्हा भरा, पुन्हा अंगठा, पुन्हा तेच.

"मग त्या दोन दिवसांत काळदऱ्याचा पास तू का नाही काढलास?" मी ईश्वरप्पाला विचारलं.

"मी हितं नव्हतोच की. मेव्हण्याच्या लग्नाला गेलतो, निलंग्याला." तो पडद्यावरची नजर न काढता बोलला. "माझ्या टायमाला असं काय होत न्हाई बघा."

"आणि हाताने का नाही लिहिला?" हे मी अण्णारावला विचारलं.

"हातानं?" अण्णाराव माझ्याकडे कीव आल्यासारखा बघू लागला. "हाताच्या पासावर लई घोटाळे झाले म्हनून तर कॉम्प्युटर केलाय. हातानं लिव्हला तर उद्या मी आत जातो. बरं, चालू व्हईल व्हईल म्हनताना दोन दिस गेले."

सिस्टीम टाकणारा शेषेराव लातूरचा. त्याला फोन लावला. तो आधीच घाबरलेला होता.

"रामकिशनभाऊ, मी हीच सिस्टीम किती कचेऱ्यांत टाकली. कुठं काय तक्रार न्हाई. माझ्यावर नका ढकलू, मला लेकरं हायेत."

सगळ्यांनाच लेकरं होती. मी पंचशीलाच्या मशीनची डिस्क काढली आणि माझ्या पिशवीतली, जुनी सिस्टीम असलेली डिस्क लावली. दोष नव्या सिस्टीमचा असेल तर जुनीवर मशीन नीट चालायला हवं. पंचशीलाला बोलावलं. ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली, काळदऱ्याचं नाव टाकलं आणि अंगठा ठेवला.

मशीन थिजलं.

३

म्हणजे शेषेराव सुटला. पण त्याने त्या पोरीचं काही भलं झालं नाही. सिस्टीमवर संशय होता तोवर तिला थोडा आडोसा होता, तो मीच काढून घेतला.

मी जागा बदलल्या. ईश्वरप्पाला पंचशीलाच्या मशीनवर बसवलं. तो मांडी घालून बसला, अंगठा ठेवला, पास निघाला. मग पंचशीलाला ईश्वरप्पाच्या मशीनवर बसवलं. ते मशीन सकाळपासून मुकाट चाललं होतं. तिचा अंगठा टेकला आणि तेही थिजलं. मी स्वतः बसलो. दोन्हीवर दहादा अंगठा टेकवला. माझ्या अंगठ्याला यंत्र ओळखत नव्हतं म्हणून ते लाल दिवा दाखवत होतं, पण थिजलं एकदाही नाही.

तीस वर्षं हा धंदा करून राहिलो, पण बिघाड माणसाच्या मागे या खुर्चीवरून त्या खुर्चीवर चालत जातो हे कधी पाहिलं नव्हतं.

अण्णाराव माझ्या कानाशी आला. आवाज त्याने बारीक केला होता, पण इतका बारीक नाही की तिला ऐकू जाऊ नये.

"मी साहेबाला पैल्यापासून सांगायलोय. तिच्या हातालाच काहीतरी हाय. आता आपन काय बोलावं, दिवस वाईट हायेत, बोलाय गेलं की केस हुती. पर तुमीबी बघितलंव की डोळ्यानं."

पंचशीलाने मान वर केली नाही. या बोलण्याचा अर्थ तिला कळला होता, मलाही कळला होता. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा असल्याच बोलण्याला कंटाळून घेतली असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाने मशीन चालत नाही, आणि या घटकेला पुरावा अण्णारावच्या बाजूने होता. असाच रिपोर्ट लिहिला असता तर संध्याकाळी ती पोरगी पोलीस ठाण्यात बसली असती.

४

मी तिला व्हरांड्यात घेऊन गेलो. भिंतीच्या कडेला कर्दळीचं एक बेट पार वाळून भुईसपाट झालं होतं. त्याच्या शेजारी पायरीवर ती बसली.

"तू काही करून राहिलीस का?" मी सरळच विचारलं.

"न्हाई."

"ईश्वरप्पाशी काही भांडण?"

"त्येचं काय न्हाई. त्येचा भाचा बसलाय घरी बेकार, त्येला माझी जागा पायजे. पर त्यो असलं काय करनार न्हाई, त्येला येतच न्हाई." न विचारताच ती पुढे म्हणाली, "दादा, माझा एमएस्सीआयटीचा नंबर तालुक्यात पैला होता. मला ह्या मशीनीचं भ्या कधी वाटलं न्हाई. आता हात लावू वाटंना. धुरपताबाईची सून काल हितं आलती. मला बघून थुकली. म्या दोन दिस जेवाय सुदिक गेले न्हाई, सारखं काळदरा, काळदरा टाकून ऱ्हायले. कुनी बघितलं न्हाई का?"

"हात लावू वाटेना म्हणजे?"

"झिनझिन्या येतेत. पत्र्याला हात लागला की मनगटापर्यंत. साहेबाला सांगितलं तर साहेबांनी सोत्ता हात लावून बघितला. म्हनले, मला तर काय होत न्हाई, तुजं मनाचं हाय."

"कधीपासून?"

"पाडव्यापासून. त्येच्या आधी काय नव्हतं."

सिस्टीम मार्चमध्ये बदलली, झिणझिण्या पाडव्यापासून, आणि पाडवा यंदा एप्रिलात आला होता. मी तिच्या पायांकडे बघितलं. अनवाणी, टाचा शहाबादी फरशीवर टेकलेल्या. मग माझ्या पायांकडे बघितलं. सकाळपासून मी त्या खोलीत रबरी तळव्याचे बूट घालून फिरत होतो, पाहुणा म्हणून.

मी बूट काढले, मोजे काढले. खोलीत जाऊन अनवाणी उभा राहिलो आणि कॉम्प्युटरच्या पत्र्यावर हात ठेवला.

५

झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या.

साहेब बुटात, मी बुटात, अण्णाराव जाड मोज्यांत, आणि ईश्वरप्पाचे पाय तर फरशीला कधी लागतच नाहीत. त्या खोलीत पाटीवरचा नियम पाळून उघड्या पायांनी नीट बसणारी एकटी पंचशीला होती. मीटर लावून पाहिलं. अर्थिंगच्या तारेत जीव नव्हता.

ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. अर्थिंग म्हणजे मशीनच्या अंगावर चढलेली फालतू वीज जमिनीत सोडायची वाट. बाहेर खड्डा करतात, त्यात तांब्याची पट्टी पुरतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात. पण त्या खड्ड्यात ओल लागते. ओल गेली की वाट बंद. मग वीज पत्र्यावर बसून राहते आणि उघड्या पायाचा माणूस हात लावील तेव्हा त्याच्यातून खाली उतरते. उतरताना अंगठ्याच्या यंत्राला झटका बसतो, आणि त्या झटक्याने सगळं मशीन थिजतं. सिस्टीम नवी असो नाहीतर जुनी.

खड्डा व्हरांड्यापलीकडे होता, त्या वाळल्या कर्दळीला लागूनच. झाकण काढलं तर आतली माती भट्टीतल्या राखेसारखी उडाली. पण कर्दळ तिथे होती म्हणजे तिला रोज पाणी मिळत होतं. इतकं पाणी, की आवारातल्या उन्हातही ती यंदाच्या पाडव्यापर्यंत तगली असणार. ते कोण घालत होतं?

नागुबाई झाडलोट करायची आणि चहा-पाण्याचं बघायची. साठीला टेकलेली बाई. मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"रांजनातलं शिळं पानी व्हय? त्ये म्या टाकायची तितं. रोज सकाळी शिळं वतायचं अन् ताजं भरायचं. साहेबलोकाला शिळं चालत न्हाई. तितं खड्डा हाय म्हनून तितं वतायची, चिखुल व्हईना मग."

"आता?"

ती इकडेतिकडे बघू लागली. "पाडव्याला हितली बोर आटली. आता जारचं पानी येतं. रातचं रांजनात जे ऱ्हातं त्ये सकाळी डब्यात काढते अन् सांजच्याला घरी न्हेते. कसं वतावं बाबा जमिनीत? नातवाला गोवर आलाय."

रहस्य उलगडलं होतं. पंचशीला सुटत होती. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. मी नागुबाईला एवढंच सांगितलं की हे दुसऱ्या कुणाला बोलू नकोस.

६

साहेबांच्या केबिनमध्ये मी सगळं सांगितलं. बूट, मोजे, मांडी, अनवाणी पाय. पंचशीलाला तिथे उभं केलं होतं. ती ऐकताना हळूहळू सरळ झाली.

"म्हणजे खड्डा कोरडा पडला," साहेब म्हणाले. "का?"

"दुष्काळ आहे, साहेब. जमीनच सुकली."

हे मी ठरवून तेवढंच बोललो होतो. पण दारात उभा राहिलेला अण्णाराव हिशेबाचा पक्का निघाला.

"दुष्काळ तर गेल्या सालीबी होता. तवा कसा न्हाई सुकला?"

प्रश्न बरोबर होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हाच विचारला असता. मी काहीतरी जुळवायला लागलो, उन्हाचा जोर, मातीचा पोत, आणि माझं मलाच कळत होतं की ते उभं राहत नाही. साहेबांची नजर पुन्हा पंचशीलाकडे गेली. ती नजर नागुबाईने पाहिली. चहाचा ट्रे घेऊन ती आतच उभी होती.

"त्येंला काय विचारताव साहेब," नागुबाई म्हणाली. "तितं म्या पानी टाकायची रोज. आता टाकत न्हाई. पोरीकडं काय न्हाई."

ती पोरीवरचं बालंट काढायला बोलली होती. कुणीतरी खरं सांगायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

"का टाकत नाहीस?" साहेबांचा आवाज शांत होता.

"घरी न्हेते."

"कचेरीचं पाणी घरी नेतेस?"

नागुबाईने ट्रे टेबलावर ठेवला. साहेबांनी पेन उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला सकाळपासून पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं. खड्ड्यावर गुन्हा दाखल करता येत नाही. आता त्यांना माणूस सापडला होता, तोही रोजंदारीवरचा.

"साहेब," पंचशीला म्हणाली, "त्या खड्ड्यात पानी टाकायचं, असं तिला कुनी सांगितलं होतं? तिच्या कामात हाय का ते? तसा आर्डर दाखवा."

"ते चौकशीत बघू."

"आन् त्या दोन दिसांत कागदावर दोन वळी कुनीबी लिव्हल्या असत्या तर टँकर गेला असता. मी अण्णाराव सायेबांच्या पाया पडले होते. ते चौकशीत बघनार का?"

अण्णाराव मोज्यांकडे बघत राहिला. साहेब म्हणाले की नियम नियम असतो, आणि तिने आता जागेवर जाऊन बसावं, या तपासापायी सकाळपासून अकरा गावांचे पास तुंबलेत. मीही बोललो. जे तोंडाला आलं ते बोललो. साहेबांनी मला चहा घ्या म्हटलं.

पंचशीला जागची हलली नाही. मग बाहेर टँकरच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि ती डोळे पुसत खोलीकडे गेली. न जाऊन कुणाचं भलं होणार होतं?

७

खड्डा लगेच भिजवायला सांगितलं. जार संध्याकाळी येणार होते, आणि आवारातल्या टँकरच्या पाण्याला पास निघाल्याशिवाय हात लावता येत नव्हता. कचेरीत पाणी होतं ते फक्त नागुबाईच्या डब्यात, रांजणातलं कालचं. साहेबांनी तेच टाकायला लावलं. उद्यापासून तिने येऊ नये हेही तेव्हाच सांगून टाकलं.

मी म्हणालो, द्या इकडे, मी टाकतो. तिने डबा दिला नाही. स्वतः वाकली आणि सगळं पाणी खड्ड्यात ओतलं. जमिनीने ते चुर्र करून पिऊन टाकलं, वर ओलाही डाग राहिना. फाटकाबाहेर टँकरची वाट बघत घागरी घेऊन बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

मीटरचा काटा खाली आला. आत पंचशीलाने अंगठा ठेवला आणि काळदऱ्याचा आजचा पास एका दमात निघाला. ड्रायव्हरने गाडी चालू केली.

नागुबाईने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाबा, खरं सांग. ती काळदऱ्याची बाई म्या पानी न्हेलं म्हनून मेली व्हय?"

"न्हाई, मावशी," मी म्हणालो. "तुझ्यामुळं न्हाई."

"पंचशीलामुळं?"

"तिच्यामुळंबी न्हाई."

"मग मला काढलं कशापायी?"

हातात मीटर तसंच होतं, मी खाली त्याच्याकडे बघत राहिलो. मी त्यात कारण शोधून राहिलोय असं समजून ती डबा काखेत धरून थांबली.